आधी थांबायचं, मग बोलायचं

आमच्या यांना चालताना कुणी हाक मारली की हे थांबतात. नुसते हळू होत नाहीत, चक्क थांबतात. दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायचे, मान वळवायची, उत्तर द्यायचं, आणि उत्तर पुरं झालं की मगच पुढचं पाऊल. भोपाळच्या अयोध्या नगरातल्या आमच्या गल्लीत याचं फार कौतुक. समोरच्या भाभी मला म्हणायच्या, "भाईसाहब कितनी तमीज़ से बात करते हैं." तमीज कसली डोंबलाची! घरात शिरताना चहा टाक म्हणून ओरडणारा माणूस हा.

खरं कारण मला ठाऊक होतं, म्हणजे निदान मी तसं समजत होते. यांची सगळी नोकरी कारखान्यात गेली, तीही जिथे मोठमोठे अवजड भाग बनतात त्या शेडमध्ये. डोक्यावरून क्रेन फिरतेय, तिला टनावारी लोखंड लटकतंय, आणि खाली माणसं. तिथला पहिला धडा हाच की चालता चालता बोलायचं नाही. कुणी हाक मारली तर आधी थांबायचं, मग बघायचं, मग बोलायचं. नव्या पोरांना यासाठी हे असे झापायचे की ती पोरं घरीसुद्धा थांबून बोलायला लागत. आमच्या भागात सगळी रिटायर्ड मंडळी त्याच कारखान्यातली. संध्याकाळी बागेत एकाला हाक मारली की अख्खी रांग थांबते. आम्ही बायका हसायचो, म्हणायचो, बघा, सिग्नल पडला.

तर हे थांबतात यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. यांनाही नाही.

साखर यांना आमची धाकटी शाळेत होती तेव्हापासून. आमच्याकडे लोक "कसे आहात" नंतर विचारतात, आधी "शुगर किती आली?" विचारतात आणि आकडा कमी आला की छाती पुढे काढून सांगतात. हे त्यात सगळ्यात पुढे. इन्सुलिन घड्याळ लावून, गोडाला हात नाही, दिवाळीत माझे अनारसे शेजारीपाजारी वाटून मोकळे. एवढं सगळं शिस्तीत, आणि तरी एकदा फाटकापासून घरापर्यंत एकाच चपलेत चालत आले! दुसरी चप्पल पायातून कधी निसटली ते यांना कळलंच नाही. खाली बघितलं तेव्हा कळलं. मी पोट धरून हसले, तेही हसले.

आता भाऊजींबद्दल सांगते. भाऊजी म्हणजे यांचे मित्र, नात्यानं कुणी नव्हेत. मूळचे अमरावतीचे, कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दोघे एकाच वर्षी भोपाळला आले, भाड्याच्या एका खोलीत राहिले, एकाच स्टोव्हवर पिठलं जाळलं. साखरही दोघांना मागेपुढे लागली. यांचे पाय धरले तिनं, भाऊजींचे डोळे. ज्या माणसानं केसाएवढ्या रेघा आखण्यात जन्म काढला, त्याच्या डोळ्यांचे पडदे गेले. पुढे त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनीही गेल्या. आता मुलगा आणि सून आहेत, दोघं चांगले आहेत, पण दोघं दिवसभर नोकरीवर. भाऊजी घरात एकटे, रेडिओ आणि ते.

संध्याकाळी हे त्यांना घ्यायला जायचे. भाऊजी आपला उजवा हात यांच्या डाव्या खांद्यावर ठेवायचे आणि मोठा रस्ता ओलांडून दोघं बागेत जायचे. थोडं चाललं की हे थांबायचे आणि सांगायचे, "कचनार फुललाय लेका, गुलाबी आहे, दाट." मग चालायचे. पुन्हा थांबायचे, "कुणीतरी नवीन बाक टाकलंय, हिरवं रंगवलंय, भयाण दिसतंय." त्यात चालणं कमी आणि थांबणंच जास्त असायचं. भाऊजी मला एकदा म्हणाले होते, "वहिनी, दिवसभरात मी घराबाहेर असतो तो हा एवढाच तास. बाकी सगळा वेळ मी भिंतीत असतो." त्या तासावर या माणसाचा सगळा दिवस टांगलेला होता.

मग ती संध्याकाळ आली. थंडीचे दिवस, पण उजेड होता अजून. मी रस्त्याच्या अलीकडे भाजीच्या ठेल्यावर मटार निवडून घेत होते. हे दोघं रस्ता ओलांडत होते, भाऊजींचा हात यांच्या खांद्यावर. पलीकडच्या चहाच्या टपरीवरून कुणीतरी यांना हाक मारली, "साहब, वो चाबी बनानेवाला अब कहाँ बैठता है?"

हे थांबले. भर रस्त्यात, अगदी मधोमध, दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवून. मान वर करून आठवायला लागले, किल्लीवाला कुठे बसतो ते.

मी ओरडले. मोटारसायकलवाल्यानं करकचून ब्रेक मारला, गाडी वळवली, पण तिचा आरसा भाऊजींच्या कोपराला लागला आणि ते कोसळले. आणि माझे हे? ते टपरीकडे हात करून सांगत होते, "वो अब टी. टी. नगर चला गया." उत्तर पुरं केलं आणि मग मागे वळून बघितलं. मित्र रस्त्यावर पडलेला. तेव्हाचा यांचा चेहरा मला आठवू नये असं वाटतं, पण आठवतो.

भाऊजींचं मनगट मोडलं. नशीब म्हणायचं की तेवढ्यावर निभावलं. प्लास्टर घालून त्यांना घरी सोडलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. लहानपणापासून आमच्या अंगाखांद्यावर खेळलेला मुलगा, आता चाळिशीचा. खाली बघून बोलत होता. "काका, आता राहू द्या. गुस्सा नाहीये मला, कसम से. पण बाबांना काही झालं तर मी काय करणार? तुम्ही घरी या, बसा, गप्पा मारा. बाहेर नको." यांनी मान डोलावली. चहा न घेता गेला तो.

तो गेल्यावर मी बसून राहिले. कारखान्याचा नियम, मान्य. पण कुठल्या कारखान्याचा नियम सांगतो की चालत्या रस्त्याच्या मधोमध थांबा? क्रेनखाली कुणी हाक मारली तर हे आधी बाजूला व्हायचे, मग थांबायचे, हे मी शंभरदा यांच्याच तोंडून ऐकलेलं. मग हे काय होतं? मी यांना म्हटलं, "अहो, उद्या डॉक्टरकडे जायचं. पायाच्या नाही, सगळ्याच्या." एरवी नाकावर माशी बसू न देणारा माणूस, नुसतं "बरं" म्हणाला. त्या "बरं"नं मी जास्तच घाबरले.

अरेरा कॉलोनीत मधुमेहाच्या एक डॉक्टरीणबाई आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी यांच्या तळव्यांना नायलॉनची तार टोचून विचारलं, कळतंय का? हे डोळे मिटून बसलेले, "लावा ना मग," म्हणाले. तार लागून गेलेली होती. मग अंगठ्यावर कंप पावणारा चिमट्यासारखा काटा ठेवला, तोही कळला नाही. मग बाहेरच्या लांब पॅसेजमध्ये चालायला लावलं. हे ताठ चालले, मला हायसं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "अब चलते चलते सब्ज़ियों के नाम बोलिए."

"आलू," असं म्हणून हे थांबले. पाय शेजारी शेजारी. "गोभी," म्हणाले. मग चालायला लागले. पुढचं नाव आठवायला पुन्हा थांबले. अहो, रोज भाजी आणणारा माणूस!

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, हे असं थांबणं कधीपासून? मी कारखान्याची कथा सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर लगेचही थांबायचे?" मी आठवलं. नाही हो. रिटायर झाल्यावर पहिली काही वर्षं हे माझ्याशी भांडत भांडत बाजारात चालायचे. सवय सुटली होती, आणि मागाहून परत आली होती. आम्हाला वाटलं तीच जुनी. दिसायला अगदी तशीच होती ना!

मग त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. इतक्या वर्षांच्या साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे पायाला जमीन कळेनाशी होते. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्याही थकतात. निरोगी माणसाचं चालणं आपोआप चालतं, त्यात डोकं घालावं लागत नाही. यांचं डोकं मात्र प्रत्येक पावलावर पहारा देत असतं. त्यात कुणी प्रश्न विचारला की पहारेकऱ्याला दुसरं काम लागतं, आणि मग पाय थांबतात. "शहाणा मेंदू आहे, म्हणून थांबवतो," त्या म्हणाल्या. "न थांबवणारे पडतात." आणखी एक गोष्ट निघाली. ज्या कमी आकड्यांवर हे छाती पुढे काढायचे, ते संध्याकाळी फारच कमी असायचे. तेही मेंदूला बरं नव्हे. इन्सुलिन बदललं. चालणं सोडू नका, उलट वाढवा, पायात ताकद आणा, तोल सांभाळायचा व्यायाम करा, आणि सुरक्षित जागी चालताना बोलायचा सराव करा. पूर्ण बरं होईल का, असं मी विचारलं. "तसं मी म्हणणार नाही. पण आहे ते बरंच सावरता येतं," त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही, त्याबद्दल त्यांना मी मनापासून मानते.

घरी आल्यावर हे दोन-तीन दिवस मूग गिळून बसले. पायाचं म्हणाल तर यांनी चारचौघांत सांगितलं असतं. पण डोक्याचं! ज्या डोक्यावर सगळी नोकरी केली, त्या डोक्याला एका वेळी चालणं आणि बटाटा-कोबी एवढंही झेपू नये, हे यांना गिळवेना. मीही गप्प राहिले, जे माझ्या स्वभावात बसत नाही.

मग एका सकाळी पाहते तर हॉलमधला सोफा भिंतीला, टीपॉय स्वयंपाकघरात, आणि जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत खडूची सरळ रेघ. दोरा ताणून, गुडघ्यावर बसून मारलेली. मी म्हटलं, "अहो, ही माझी फरशी आहे, कारखाना नव्हे." हे म्हणाले, "अगं, तू भिंतीशी उभी राहा आणि मला काहीतरी विचार." पायात बूट घातलेले, कारण अनवाणी चालायला डॉक्टरीणबाईंची सक्त मनाई.

पाढ्यांपासून सुरुवात केली. हा माणूस लहानपणी औटकीपर्यंत पाढे पाठ केलेला, म्हणजे साडेतीनचा पाढा घडाघडा म्हणणारा. रेघेवर चालायला लागले आणि दोनच्या पाढ्यात अडकले. दोनच्या! "बे त्रिक" म्हणून थांबले, आणि माझ्याकडे असं बघितलं की मी पदर तोंडाला लावून आत निघून गेले. रडले मी. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि म्हटलं, "सहा. बे त्रिक सहा. चला पुढे."

त्या उन्हाळ्यात आमच्या हॉलमध्ये कूलर घरघरायचा आणि हे रेघेवर. पाढे, मग उलटे आकडे, मग माझे प्रश्न. "पोह्यात आधी मोहरी की कांदा?" हे थांबले. "थांबू नका! पोहे करपतील!" मी ओरडायचे. हे चिडायचे, "आधी बायको बंद करा, मग मेंदू चालेल," म्हणायचे, आणि ते मात्र चालता चालता म्हणायचे बरं का! भांडताना पाय थांबत नाहीत हे आमच्या लक्षात आलं, तेव्हापासून मी मुद्दाम भांडण उकरून काढायला लागले. तेवढं मला छान जमतं.

चिकाटी म्हणावी तर ही. कंटाळा नाही, कुरकुर नाही. खुर्चीतून हात न लावता उठायचं, एका पायावर ओट्याला धरून उभं राहायचं, पडायला झालं की हसायचं. खडूची रेघ पुसली गेली की नवी मारायची. आणि रोज दुपारी रिक्षानं भाऊजींकडे जायचं, पेपर वाचून दाखवायचा, परत यायचं. बाहेर जाण्याचा विषय दोघंही काढत नव्हते. भाऊजींचं प्लास्टर केव्हाच निघालं होतं, पण ते आता संध्याकाळी कपडेसुद्धा बदलत नसत, असं त्यांच्या सुनेनं मला सांगितलं. ते ऐकून यांनी दुसऱ्या दिवशी रेघेवरचा वेळ वाढवला. मला तेव्हा यांचा असा अभिमान वाटला की काय सांगू. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याकडे बघून छाती भरून येण्याचे प्रसंग काही रोज येत नाहीत.

पावसाळा सरला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पॅसेजमध्ये चालवलं. हे भाज्यांची नावं घेत शेवटपर्यंत गेले, हळू पण न थांबता. अवघड हिशोब घातला तेव्हा मात्र थांबले. त्या म्हणाल्या, "बहुत अच्छा. पण रस्ता ओलांडताना एक शब्द बोलायचा नाही. कायमचं."

तिथून आम्ही थेट भाऊजींच्या घरी गेलो. रविवार होता, मुलगा-सून घरी. हे खुर्चीत बसले नाहीत, उभेच राहिले. म्हणाले, "मला चालताना बोलता येत नाही. कारखान्याची सवय वगैरे काही नाही, माझ्या मेंदूला साखरेनं धरलंय. मेहनत केलीय, थोडं सुधारलंय, सगळं सुधारणार नाही. बागेत मी बोलेन. रस्त्यावर कुणीही हाक मारो, मी उत्तर देणार नाही, तूही मला काही विचारायचं नाहीस. हे मान्य असेल तर चल. नसेल तर मी रोज पेपर वाचायला येईनच."

आमच्या या मंडळींमध्ये कुणी असं बोलत नाही हो. आकडे सांगतील, ऑपरेशनच्या खुणा दाखवतील, पण माझं डोकं कमी पडतं असं भरल्या घरात उभं राहून कुणी म्हणत नाही. मला उठून यांचा हात धरावासा वाटला.

भाऊजींनी सुनेला हाक मारली आणि म्हणाले, "बेटा, माझा शर्ट दे जरा इस्त्रीचा."

मुलानं बापाकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं. "ठीक आहे काका," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून तो ऑफिसातून लवकर यायला लागला. हे दोघं निघाले की थोडं अंतर राखून मागून चालायचा. मी भाजीच्या ठेल्याशी उभी असायचे, मला पाहून त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मला राग आला नाही. त्याचा बाप आहे. रस्त्यावर हे समोर बघत चालायचे, तोंड घट्ट मिटलेलं. "साहब, राम राम!" अशी हाक आली तरी नाही. पलीकडे पोचून, फुटपाथवर चढून, भाऊजींना चढवून, मग वळून "राम राम!" दिवाळी होऊन गेली तरी मुलगा मागून येत राहिला. आणि मग एक दिवस तो दिसला नाही. त्यांच्या घराच्या फाटकाशी भेटला तेव्हा मी खुणेनं विचारलं. "अब ज़रूरत नहीं, काकू," तो म्हणाला, आणि आत जाऊन टीव्ही लावला.

त्या संध्याकाळी मीही बागेत गेले. हे पाण्याची बाटली भरायला नळाकडे गेले होते. मी बाकावर भाऊजींशेजारी बसले.

"आज मुलगा मागे नव्हता ना, वहिनी?" भाऊजी म्हणाले.

मी बघतच राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. पोराची चाल बापाला ओळखू येणार नाही?"

"मग यांना का नाही सांगितलं?"

भाऊजी म्हणाले, "सांगितलं असतं तर याचं अर्धं लक्ष मागे गेलं असतं. याच्याकडे लक्ष आहे एवढंसं, ते मी रस्त्यावरून काढून कशाला घेऊ? मुलालाही अडवलं नाही. त्याचा जीव मागे चालल्यावर थंड होत होता, तर चालू दे म्हटलं."

"आणि तुम्ही? तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. पहिल्या दिवशी हात लटपटत होता माझा. तो याला कळू नये म्हणून खांदा घट्ट धरला होता. हा म्हणाला, लेका, इतका काय दाबतोस. मी म्हटलं, गार वारा आहे."

हे बाटली भरून आले. आमच्यासमोर उभे राहून म्हणाले, "काय चाललंय तुमचं दोघांचं?" भाऊजी म्हणाले, "काही नाही, चल," आणि उभे राहिले. हात पुढे केला. हे खांदा घेऊन त्या हाताखाली आले.

दोघं निघाले. मला यांना केवढं तरी सांगायचं होतं. मी हाक मारली नाही.